लॉरेलची शेगडी आणि तीन कापडी साप

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावाच्या सेबास्टोपोल भागात नेव्हिल ट्रेम्बाथबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. गॅसच्या शेगडीतला बिघाड तो दारात उभा राहून, नुसत्या ज्योतीच्या रंगावरून सांगतो. आणि बाकीच्यांची शेगडी तो तासाभरात साफ करतो, लॉरेल पास्कोच्या शेगडीला मात्र त्याला अडीच तास लागतात.

आता लॉरेलच्या शेगडीत जगावेगळं असं काही नव्हतं. भिंतीतल्या जुन्या चुलाण्यात बसवलेली, पुढे काच, आत चिनी मातीचे सहा खोटे ओंडके, खालून गॅस, वर धुराडं. अशा शेगड्या या गावात घरटी एक आहेत. पण पन्नास वर्षांपूर्वी खाणकामगारांच्या हॉलमध्ये एका हिवाळ्यात नेव्ह आणि लॉरेल दर शनिवारी एकमेकांबरोबरच नाचले होते. वसंतात लॉरेलने बसवाल्या केन पास्कोशी लग्न केलं. ते का, हे कुणालाच कळलं नाही, नेव्हला तर अजिबात नाही. पुढे त्याचं ग्लेनिसशी झालं आणि चांगलं झालं. केन जाऊनही आता नऊ वर्षं झाली. तरी एप्रिलमध्ये नेव्हची गाडी लॉरेलच्या दारात लागली की समोरच्या घरातले पडदे जरासे हलायचेच.

ग्लेनिसला हे माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. चर्चच्या चहाची किटली ती सांभाळते, त्यामुळे गावातलं तिला कळत नाही असं काही नसतंच.

"अडीच तास?" ती विचारायची. "सहा ओंडके आहेत की साठ?"

"काजळी होती," नेव्ह म्हणायचा.

"असणारच. जुनी शेगडी आहे. धुमसत असेल."

यावर नेव्ह टोपी उचलून परसात जायचा.

कामात मात्र तो एक नंबरचा काटेकोर. गॅस बंद करायचा, शेगडी थंड होऊ द्यायची, काच उतरवायची, मग एकेक ओंडका तान्ह्या मुलासारखा दोन्ही हातांनी उचलून वर्तमानपत्रावर त्याच क्रमाने मांडायचा. मऊ ब्रशने झाडायचा. बर्नरची भोकं साफ करायची, पायलटच्या, म्हणजे सतत तेवणाऱ्या बारक्या ज्योतीच्या, नळीतलं कोळ्याचं जाळं काढायचं. मग ओंडके परत, ज्याच्या त्याच्या खाचेत. एखादा बोटभर सरकला तरी ज्योत त्याच्यावर आपटते आणि काजळी धरते. लोकांना हे पटत नाही. त्यांना ओंडके 'छान दिसतील' असे मांडायचे असतात. एका बाईने वर पाइनची खरी सुकी फळं ठेवली होती. त्या घरातून नेव्ह ज्या शब्दांत बोलत बाहेर पडला ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत.

आणि शेवटी धुराची परीक्षा. सगळी दारं-खिडक्या बंद. स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला, दोन्ही पंखे चालू. शेगडी पंधरा मिनिटं पेटलेली. मग धुराची काडी पेटवून धुराड्याच्या तोंडाशी धरायची. धूर आत ओढला गेला तर ठीक. धूर खोलीत आला, तर घराला हवा कमी पडते आहे, पंखे आपल्याच धुराड्यातून हवा खाली खेचत आहेत, आणि त्या हवेबरोबर जळक्या गॅसचं विषही येतं. त्याला ना वास, ना रंग. माणसाला नुसती झोप येते.

लॉरेलच्या घरात भिंतीला हवेची झडप होती, पण ती शीळ घालते म्हणून केनने वीस वर्षांपूर्वी तिच्यावर गिलावा मारला होता. नेव्हला हे ठाऊक होतं. पण जुनं घर, दारांखाली अंगठा जाईल एवढ्या फटी, त्यांतून वारा हवा तेवढा. दरवर्षी धूर मुकाट्याने आत जायचा. या एप्रिललाही गेला. नेव्हने कागदावर आपल्या तिरक्या अक्षरात लिहिलं: 'भिंतीतली झडप बुजवलेली आहे. दारांखालच्या फटींतून पुरेशी हवा येते.' खाली सही केली आणि लॉरेलने केलेला लिंबाचा केक खाल्ला. दोन तुकडे.

मग मे महिन्यात चर्चच्या जत्रेसाठी ग्लेनिसने दारासाप शिवायला घेतले. दाराच्या रुंदीएवढी कापडी सुरळी, आत वाळू गच्च भरलेली, एका टोकाला बटणांचे डोळे आणि फ्लॅनेलची लाल जीभ. दाराच्या बुडाशी आडवा टाकला की थंडी बाहेर आणि ऊब आत. ग्लेनिसच्या सापांना मागणी फार. जत्रेत दुपारपर्यंत एकही उरत नसे.

"लॉरेललाही तीन करते," ती त्या वर्षी म्हणाली. "बिचारी एकटी असते. तिच्या दारांची मापं घेऊन ये."

"ब्याऐंशी सेंटीमीटर," नेव्ह पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "मागचं शहात्तर."

शिवणयंत्र थांबलं.

"तिची दारं तुला तोंडपाठ आहेत," ग्लेनिस म्हणाली. "माझ्या चपलेचा नंबर सांग बरं."

नेव्हने पान उलटलं. ग्लेनिसने ते तीन साप मापापेक्षा दोन बोटं लांब शिवले आणि त्यांत इतरांपेक्षा मूठमूठ जास्त वाळू भरली. ते प्रेमाने की आणखी कशाने, हे तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

साप पोचवले नेव्हने. नुसते पोचवले नाहीत. लॉरेलच्या पुढच्या, मागच्या आणि बोळातल्या दाराशी बुटाच्या टोकाने दाबून स्वतः बसवून दिले. लॉरेल मध्ये उभी राहून टाळ्या वाजवत म्हणाली, "बघ नेव्हिल, घर कसं डबीसारखं बंद झालं." तिच्या तोंडून पूर्ण नाव ऐकलं की नेव्हला अजून बरं वाटायचं. "आता ऊब टिकेल," तो म्हणाला. पंचेचाळीस वर्षं काम केलेला गॅसफिटर त्या घटकेला त्याच्या डोक्यातून कुठे चहा प्यायला गेला होता, कोण जाणे.

ऐन हिवाळ्यात, जूनच्या तिसऱ्या रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या मागच्या खोलीत चहा चालला होता. बाहेर गारांसारखा पाऊस. लॉरेलचा शेजारी मॉरी ड्रू, पोस्टातून निवृत्त झालेला आणि तेव्हापासून पत्रांऐवजी बातम्या वाटणारा, बशीत तीन बिस्किटं घेऊन नेव्हजवळ आला.

"तुझी नाचातली जोडीदार आज आली नाही."

"मी बघितलं," नेव्ह म्हणाला.

"बघणारच तू. डोकं दुखतंय म्हणाली. सलग तिसरा रविवार. सोमवारी विचारलं की ठणठणीत. मी म्हटलं, बाई, तुला पाद्रीबाईंच्या प्रवचनाचं वावडं आहे, दुसरं काही नाही."

नेव्ह हसला. मग हसता हसता थांबला. "फक्त रविवारी?"

"रविवारीच. आणि मळमळतं म्हणे. तरी मटण भाजायचं सोडत नाही, सकाळी नऊपासून भट्टी आणि पंखा चालू. दुपारी मला ताट मिळतं, माझं काही म्हणणं नाही. पण घर तिने काय उबदार केलंय. ग्लेनिसच्या सापांमुळे खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळतं."

नेव्हने कप ठेवला. बशीत ठेवायचा तो टेबलावरच्या केकमध्ये ठेवला.

काचांवरून पाणी. पंखा. साप. झडप बुजवलेली. आणि 'दारांखालच्या फटींतून पुरेशी हवा येते' हे वाक्य, तिरक्या अक्षरात, त्याच्या डोळ्यांपुढे असं उभं राहिलं की समोरची माणसं त्याला दिसेनात.

"किती वाजता बोललास तिच्याशी?"

"साडेनऊ. का रे?"

भिंतीवरच्या घड्याळात अकराला दहा कमी होते. नेव्हने फोन काढला. लॉरेलचा मोबाईल बंद. तो नेहमी बंदच असतो, बॅटरी वाचते म्हणून. घरचा फोन वाजत राहिला. दहा वेळा, बारा वेळा. तो फोन बोळात आहे, तिच्या खुर्चीपासून सात पावलांवर. हेही त्याला तोंडपाठ होतं.

किटलीपाशी जाऊन त्याने ग्लेनिसचा दंड धरला. "रुग्णवाहिका बोलाव. लॉरेलच्या घरी. शेगडीचा विषारी वायू म्हणून सांग."

ग्लेनिसने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्यावर एक टोमणा तिच्या ओठांवर आलेला होता, तो तिने गिळला. "आपले साप?" एवढंच तिनं विचारलं.

"मी बसवले," नेव्ह म्हणाला आणि पळाला. सदुसष्टाव्या वर्षी, गुडघ्यांच्या वाट्या घासत असताना, तो गाडीपर्यंत पळाला.

चर्चपासून लॉरेलचं घर सहा मिनिटांवर आहे. त्या सहा मिनिटांत त्याने देवाशी जो सौदा केला तो फार काही इभ्रतीचा नव्हता. पुन्हा कधी तिच्या घरी जाणार नाही. ब्रशला हात लावणार नाही. परवाना परत करेन. केक खाणार नाही. सिग्नल लाल होता. तो तसाच पुढे गेला, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा. काच पुसणारा दांडा करकरत फिरत होता आणि त्याच्या प्रत्येक फेरीला नेव्ह मोजत होता: नऊपासून पंखा, साडेनऊपर्यंत ती शुद्धीवर, म्हणजे सव्वा तास, म्हणजे दीड तास. दीड तासात काय होतं हे त्याला माहीत होतं. तेवीस वर्षांपूर्वी अशाच एका घरात अधिकाऱ्यांबरोबर तो गेला होता, सगळं झाल्यावर. टेबलावर पत्त्यांचा डाव अर्धा मांडलेला होता. तिथल्या शेगडीचा गॅसफिटर दुसरा कुणी होता, आणि नेव्ह तेव्हा बाहेर येऊन म्हणाला होता, "असल्या माणसाला तुरुंगात टाका."

पुढचं दार कुलूपबंद. त्याने मुठी आपटल्या. "लॉरेल. लॉरेल, दार उघड." दिवाणखान्याची खिडकी आतून घामेजलेली, पाण्याच्या ओघळांमधून फक्त एक पिवळा उजेड दिसत होता. आळसावलेला, लांब, पिवळा. निळ्याचा मागमूस नाही. ज्योतीच्या रंगावरून बिघाड ओळखणाऱ्या माणसाला आणखी काही बघायची गरज नव्हती.

मागच्या दाराची किल्ली कपड्यांच्या चिमट्यांच्या टोपलीत असते. त्याच्या थंड बोटांनी चिमटे उपसले, अर्धे चिखलात सांडले. किल्ली फिरली. दार दोन बोटं सरकलं आणि अडलं.

खाली साप होता. मापापेक्षा लांब, मूठभर जास्त वाळूचा, त्यानेच बुटाने ठोकून बसवलेला. दाराच्या आणि भिंतीच्या कोनात तो पाचरीसारखा बसला होता. नेव्हने खांदा लावला. दार हललं नाही. पुन्हा लावला. "सरक," तो सापाला म्हणाला, "सरक रे बाबा, सरक." मग पाठ लावून, पाय समोरच्या पायरीला टेकवून त्याने असा रेटा दिला की खांद्यात काहीतरी कटकन झालं, आणि आत कापड फाटल्याचा आवाज आला. वाळू फरशीवर सरसरली. दार उघडलं.

आत भाजलेल्या मटणाचा आणि रोजमेरीचा इतका चांगला वास होता की त्याला रडू आलं. पंखा घरघरत होता. त्याने श्वास कोंडला, बोळ ओलांडला. लॉरेल शेगडीसमोरच्या खुर्चीत होती, मांडीवर विणकाम, मान एका बाजूला. गालावर चांगली लाली, या विषाने येते ती. तिच्या पायाशी गालिच्यावर तिचं मांजर, बिस्किट, आडवं पडलं होतं. ओंडके आपापल्या जागेवर, एकही बोटभर हललेला नाही. त्याची साफसफाई चोख होती.

त्याने शेगडीची कळ फिरवून ती बंद केली, पुढच्या दाराचा साप लाथेने उडवून दार उघडलं आणि लॉरेलला काखांतून धरून ओढलं. पन्नास वर्षांत तिला त्याने पहिल्यांदा मिठीत घेतलं ते असं, पाठीमागून, टाचा गालिच्यावरून घसटत. समोरच्या पडद्यांना त्या दिवशी बघायला काही कमी नव्हतं, पण त्याबद्दल आजवर कुणी एक शब्द बोललेलं नाही.

पुढच्या अंगणात ओल्या गवतावर त्याने तिला आडवं केलं. ती श्वास घेत होती. उथळ, थांबून थांबून, पण घेत होती. तोंडावर पाऊस पडत होता आणि ती पापणी हलवत नव्हती. त्याने आपला कोट तिच्यावर टाकला, टोपी तिच्या डोक्यावर ठेवली आणि तिच्याशी बोलत राहिला. काय बोलला ते त्याला विचारू नका. रुग्णवाहिकेबरोबर पोचलेल्या ग्लेनिसने फाटकातून तो शेवटचा तुकडा ऐकला. "एकदा माझ्यावर ओरड, मग हवं ते कर," तो म्हणत होता.

ग्लेनिस तिथेच उभी राहिली. मग ती पुढे आली, चिखलात बसली आणि तिने लॉरेलचे पाय आपल्या मांडीवर घेऊन चोळायला सुरुवात केली.

लॉरेल वाचली. प्राणवायूच्या नळ्या लावून चार दिवस इस्पितळात होती. दुसऱ्या दिवशी डोळे उघडून तिने पहिलं विचारलं, "मटण करपलं का?" नर्स हसली, नेव्हला हसता आलं नाही. मग तिनं विचारलं, "केन कुठे बस घेऊन गेलाय?" नेव्हने ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लेनिस म्हणाली, "लांबच्या फेरीवर गेलाय गं." संध्याकाळपर्यंत तिला केन गेल्याचं आठवलं आणि ती पुन्हा नव्याने रडली. बिस्किटाबद्दल तिला गुरुवारपर्यंत सांगितलं नव्हतं. मॉरीने ते तिच्या परसातल्या लिंबाच्या झाडाखाली पुरलं होतं.

सोमवारी सकाळी नेव्हने गॅसच्या सरकारी कचेरीत स्वतः फोन केला. एप्रिलचा कागद स्वतःच पुढे केला. ग्लेनिसने तिच्या विक्रीच्या वहीतून जत्रेत साप घेतलेल्यांची नावं काढली, एकोणचाळीस घरं, आणि दोघं गाडीत बसून दारोदार निघाली. लोक दार उघडून म्हणत, "काय ग्लेनिस, विकलेला माल परत घेतेस?" आणि मग तिचं तोंड बघून साप काढून आणायचे. नेव्ह बाहेर गाडीजवळच थांबायचा. "शेगडी पेटवू नका. दुसरा माणूस बोलावून तपासून घ्या," असं तो कुंपणावरूनच सांगायचा. दुसरा माणूस, हे शब्द त्याच्या तोंडून ऐकायची कुणाला सवय नव्हती. त्यांतल्या दोन घरांत शेगडी उलटी ओढते आहे असं नंतर निघालं.

बुधवारी तपासनीस आल्या. अपेक्षेपेक्षा तरुण, नाव मिस कलघून, हातात कागद अडकवलेली पाटी. लॉरेलच्या दिवाणखान्यात त्यांनी हवेचा दाब मोजायचं यंत्र मांडलं, विष मोजायचं यंत्र मांडलं आणि म्हणाल्या, "मिस्टर ट्रेम्बाथ, त्या दिवशी जसं होतं तसंच सगळं मांडायचंय. साप कसे होते?"

"मी दाखवतो."

"मी मांडू शकते."

"नाही," नेव्ह म्हणाला. "ते बुटाने दाबावे लागतात."

मागच्या दाराचा फाटलेला साप ग्लेनिसने आदल्या दिवशी शिवून दिला होता, पुन्हा तेवढीच वाळू भरून. खोटं माप नको म्हणून. नेव्हने तिन्ही साप बसवले. डावा हात गळ्यातल्या झोळीत होता म्हणून त्याला वेळ लागला. पंखे चालू झाले. शेगडी पेटली. सुरुवातीला ज्योत निळी होती, तो बघत असताना हळूहळू पिवळी होऊन लांबली.

पंधरा मिनिटं. मिस कलघून घड्याळाकडे बघत होत्या.

"काडी मी धरते," मिस कलघून म्हणाल्या.

"एप्रिलमध्ये मी धरली होती."

त्यांनी काडी त्याच्याकडे दिली. नेव्ह गुडघ्यांवर बसला, पंचेचाळीस वर्षं बसत आला तसा, आणि काडी धुराड्याच्या तोंडाशी नेली. धूर क्षणभर सरळ उभा राहिला. मग वाकला, खोलीकडे वळला आणि सरळ त्याच्या तोंडावर आला. विष मोजायचं यंत्र किणकिणायला लागलं. तो हलला नाही. धूर त्याच्या डोळ्यांत जात होता, नाकात जात होता.

"पुरे, मिस्टर ट्रेम्बाथ. दिसलं मला."

त्याने काडी धरूनच ठेवली. ती बोटांपर्यंत जळत आली तेव्हा मिस कलघूननी खाली वाकून ती त्याच्या हातातून काढून घेतली, शेगडी बंद केली आणि मागचं दार उघडायला गेल्या. साप आडवा होता. त्यांना तो हलवता येईना.

"थांबा," नेव्ह उठत म्हणाला. त्याने एका हाताने साप उचलला, छातीशी धरला आणि दार सताड उघडलं. बाहेर लिंबाच्या झाडाखाली ताजी माती होती. तो साप घेऊन तिथेच उंबऱ्यात उभा राहिला. वारा त्याच्या दोन्ही बाजूंनी घरात शिरत होता.